वाया गेलेली पोरे आणि तारणहार मास्तर

वस्तीतल्या 'वाया गेलेल्या' पोरांना एक शिक्षक भेटतो आणि त्यांचे सोने होते, या कथेवर चित्रपटसृष्टी फार वर्षे जगते आहे. लंडनच्या ईस्ट एंडमधला 'टू सर, विथ लव्ह' (१९६७) घ्या की मुंबईतला 'हिचकी' (२०१८) घ्या. पोरे आधी शिक्षकाला छळतात, मग विरघळतात आणि शेवटी कृतज्ञ होतात. प्रश्न असा, की या कथेत दोष कोणाच्या पदरी घातला जातो?

'हिचकी'तली चौदा मुले झोपडपट्टीतून बड्या शाळेत आली आहेत आणि 'नववी फ' या वेगळ्या तुकडीत ठेवली गेली आहेत. शाळेच्या आतच गावकुसाबाहेरची तुकडी तयार व्हावी, ही केवढी भयंकर गोष्ट! पण चित्रपट तिला एका तुसड्या शिक्षकाचा स्वभावदोष मानतो. त्याचे मन पालटले की प्रश्न मिटला. जातीचा प्रश्न पटकथा टाळते. उरतो मुलांचा न्यूनगंड. तो बाईंच्या मायेने बरा होतो.

आमच्या बीड जिल्ह्यात हे औषध लागू पडत नाही. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. त्या कोयत्यावर मुकादमाची उचल घेतलेली असते. मागे सांभाळणारे कोणी नसेल तर मूलही फडावर जाते, धाकटे भावंड सांभाळते, वाढे गोळा करते. हजेरीपटावर ते 'गैरहजर'. त्याला स्फूर्तीची उणीव नाही. चांगला शिक्षक आईबापांना गळ घालून त्याला हंगामी वसतिगृहात ठेवून घेतो. हे काम मोलाचेच. पण त्याने उचल फिटत नाही.

नागराज मंजुळे यांचा 'झुंड' (२०२२) याच साच्यात राहून तो साचा वाकवतो. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कार्यावर तो बेतला आहे. कॉलेज आणि झोपडपट्टी यांच्यामधली भिंत तो डोळ्यांआड होऊ देत नाही. आंबेडकर जयंतीत पोरे आपल्या मस्तीत नाचतात. तरीही न्यायालयात पोराची बाजू मांडतात ते मास्तरच.

आपली परंपरा याच्या पुढची आहे. जोतीरावांच्या शाळेतली मातंग विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदय'ने छापला. तो गुरूचे गोडवे गात थांबत नाही. पेशवाईला आणि धर्माला जाब विचारतो. आणि २०२५ साली 'फुले' हा चित्रपट आला, तेव्हा प्रमाणन मंडळाने 'मांग', 'महार', 'पेशवाई' हे शब्द काढायला लावले! एका शाळकरी मुलीने एकशे सत्तर वर्षांपूर्वी उघड लिहिलेले शब्द पडद्याला पेलत नाहीत. तारणहार मास्तर मात्र पेलतो; कारण तो पोरांना बदलतो, व्यवस्थेला हात लावत नाही.

आपल्यापैकी जे वर्गात उभे राहतात, त्यांनी टाळ्या मोजू नयेत. फडावरून परतलेली मुलगी मुकादमाच्या हिशेबावर चार ओळी लिहू लागली का, ते पाहावे.