वंशवृक्ष आणि भाषावृक्ष

मानवसमूहांच्या जनुकांवरून रचलेला वंशवृक्ष भाषाकुलांशी बऱ्याच अंशी जुळतो, असे प्रतिपादन लुइगी लुका काव्हाली-स्फोर्झा व त्यांचे सहकारी यांनी १९८८ साली केले. त्यासाठी ४२ लोकसमूहांतील १२० जनुकपर्यायांचे प्रमाण त्यांनी विचारात घेतले होते. असा मेळ असावा हे डार्विनने १८५९ मध्येच सुचविले होते. सामग्रीचा हा संग्रह प्रचंड आहे, यात वाद नाही. वाद आहे तो वृक्ष या आकृतीविषयी.

लोकसमूहातील जनुकपर्यायांचे प्रमाण उत्परिवर्तन, निसर्गाची निवड, यदृच्छेने होणारे विचलन आणि स्थलांतर यांमुळे पालटत असते. लहान समूहांत विचलन विशेष प्रभावी ठरते. कारण थोड्याच जोडप्यांच्या संततीत एखादा पर्याय केवळ योगायोगाने वाढतो किंवा नाहीसा होतो. विभक्त झालेल्या समूहांतील अंतर त्यामुळे वाढत जाते आणि वृक्ष दाखवितो ते हेच. परंतु संकराने हे अंतर घटते. फुटलेल्या फांद्या मात्र वृक्षात पुन्हा एक होत नाहीत. म्हणजे इतिहासात जे वारंवार घडले, त्यालाच आकृतीत जागा नाही!

भाषेचे तर आणखी निराळे. जनुके मातापित्यांकडूनच येतात; भाषा शेजाऱ्याकडून, राज्यकर्त्याकडून, बाजारातूनही येते. हंगेरीची भाषा उराली कुलातील, पण तेथील लोक जनुकदृष्ट्या शेजारच्या मध्य युरोपीयांहून फारसे भिन्न नाहीत. प्रस्तुत निबंधातही इथिओपियन, सामी व तिबेटी यांचा मेळ बसत नाही. लेखकांनी तेथे संकर व भाषापालट ही कारणे दिली आहेत. ती ग्राह्यच आहेत. मात्र जेथे मेळ बसतो तेथे त्यांचा विचारही होऊ नये, हे न्याय्य नव्हे. शिवाय बांटू, मॉन-ख्मेर यांसारखे समूह मुळात भाषेच्याच नावाने निवडलेले आहेत. तेव्हा सिद्ध करावयाच्या गोष्टीचा काही अंश निवडीतच गृहीत धरला गेला, असे म्हणणे प्राप्त आहे.

भारतात ही अडचण अधिक तीव्र होते. सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी येथे व्यापक संकर झाला व त्यानंतर अंतर्विवाहाची बंधने घट्ट झाली, असा निष्कर्ष २०१३ सालच्या एका जनुकीय अभ्यासात निघाला. आधी संगम, मग फाटे. वृक्षाचा क्रम येथे उलटाच! मराठीतील 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद संस्कृतात नाही, द्राविडी भाषांत आहे. तेवढ्यावरून मराठी भाषकांचे रक्त ठरविता येणार नाही. असा भेद रुजण्यास काही पिढ्यांचे द्वैभाषिक्य पुरेसे असते.