संजाबाईची गाडी

पितृपंधरवड्यात माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणाने संजा या लोकदेवीच्या आकृती काढतात, फुलांच्या पाकळ्यांनी सजवतात. पौर्णिमेला पाटला, पंचमीला पाच कुंवारे, शेवटी किल्लाकोट. रोज आरती, गाणी आणि प्रसाद ओळखणे. इंदूरच्या मराठी घरांना यात आपल्या भोंडल्यातली खिरापत दिसते.

या गाण्यांतले सर्वांत लाडके गाणे संजाच्या सासरी जाण्याचे. आधी दिसते फक्त एक छोटी गाडी, गडगडत जाणारी. मग तीत बसलेली संजा. मग घागऱ्याची घमक, चुड्याची चमक आणि शेवटी झोके घेणारी नथ. गाडी दूर चालली आहे, नजर मात्र जवळ जवळ जात थेट नाकातल्या नथीपर्यंत पोहोचते. निरोप देणारी माणसे अशीच पाहतात. जाणाऱ्याचे बारीकसारीक सारे डोळ्यांत भरून घेतात. रडण्याचा एक शब्दही नाही, सगळा थाटच आहे. मला हा संयम थोर वाटतो, कारण गाणाऱ्या मुलींना ठाऊक असते की उद्या या गाडीत त्यांनाच बसायचे आहे.

सर्वपित्री अमावास्येला संजा सरते आणि दुसऱ्या दिवशी घटस्थापनेला भोंडला सुरू होतो. माळव्याच्या गाण्यात मुलगी माहेर सोडते. आपल्या भोंडल्यात ती सासरी पोहोचलेली असते आणि सासू-नणंदांची गाऱ्हाणी फेर धरून सांगते. इंदूरच्या मराठी मुलीला ही दोन्ही गाणी लागोपाठ मिळतात, हे तिचे भाग्य.

अशी गाणी जपायची कशी? गायक कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी असताना इंदूरजवळच्या देवासला आले. गाणे बंद होते, पण कान उघडे होते. माळवी लोकगीतांच्या धुना त्यांनी ऐकल्या, स्वरलिपीत टिपल्या आणि त्यांत दडलेले राग शोधले. ‘अनूपरागविलास’ (१९६५) मध्ये ते भेटतात. एरवी बहुतेक संग्राहक शब्द छापतात आणि चाल हरवते.

चालीसारखेच करणारे हातही जपता येतात: भोपाळच्या राष्ट्रीय मानव संग्रहालयात आदिवासींची घरे त्या त्या समाजाच्या कारागिरांनीच उभारली आहेत. संजालाही तोच न्याय हवा: भिंत, शेण, चाल आणि काढणारे हात, सारे एकत्र. बाजारात आता छापील कागदी संजा मिळते. ती चिकटवायला एक क्षण पुरतो. शेण थापता थापता मोठ्या बहिणीकडून गाणे शिकायला मात्र सगळी संध्याकाळ लागायची.