वागळे परत आले तेव्हा

१९८८ साली दूरदर्शनवर ‘वागले की दुनिया’ लागायची तेव्हा मी अकरावीत होतो. आमच्या घरी टीव्ही नव्हता. शेजारच्या काकूंच्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसून ती पाहायची. वडील एका सरकारी कचेरीत कारकून होते. एक-दोनदा तेही आले, पण खोलीभर हशा पिकला तरी ते हसले नाहीत. घरी परतताना म्हणाले, “यात हसण्यासारखं काय आहे? हे तर आपलंच चाललंय.” तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आज वाटतं, त्या मालिकेवरचं ते सर्वांत नेमकं परीक्षण होतं.

८ फेब्रुवारी २०२१ रोजी ही मालिका सोनी सब वाहिनीवर नव्याने सुरू झाली. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर पुन्हा श्रीनिवास आणि राधिका झाले. मात्र कथेचं केंद्र सरकलं. आता नायक त्यांचा मुलगा राजेश (सुमीत राघवन), सोबत त्याची बायको वंदना आणि सखी-अथर्व ही मुलं. गेली काही वर्षं मी जुन्या विनोदी मालिका आणि त्यांची पुनरागमनं आलटून-पालटून पाहतो आहे. वहीत दोनच रकाने असतात : हसू कशातून आलं, आणि प्रसंग कशावर संपला. या नोंदींच्या आधारे एका प्रश्नाचा शोध घ्यायचा आहे. जुनी मालिका परत येते तेव्हा नेमकं काय परत येतं?

त्यासाठी ‘खिचडी’, ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ आणि ‘वागले’ ही तीन उदाहरणं सोयीची आहेत, कारण तिन्ही पुनरागमनांमागे आतिश कपाडिया आणि जे. डी. मजेठिया हीच जोडी आहे. करणारे हात तेच असल्यामुळे फरक कशामुळे पडला हे तपासता येतं.

‘खिचडी’ २००२ साली स्टार प्लसवर आली. पुढे तिचं दुसरं पर्व आलं, २०१० मध्ये चित्रपट आला, २०१८ मध्ये पुन्हा मालिका आणि २०२३ मध्ये आणखी एक चित्रपट. पारेख कुटुंब इतक्यांदा परत येऊ शकलं, कारण त्याला वय नाही. हंसा इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारणार, प्रफुल्ल तो ठामपणे चुकीचा सांगणार, बाबूजी कपाळाला हात लावणार. ही माणसं नाहीत, सोंगं आहेत. आणि सोंगाचा रंग दरवर्षी नव्याने लावता येतो. इथे पुनरागमन सोपं असतं. मी दरवेळी हसलो, पण आठवणीत नवं काही राहिलं नाही.

‘साराभाई’चं तसं नाही. २००४ ते २००६ या काळात स्टार वनवर आलेल्या या मालिकेला तेव्हा फारसा प्रेक्षक मिळाला नाही. तिचा दबदबा पुनःप्रक्षेपणांनी वाढवला. कफ परेडची उच्चभ्रू माया आणि नोएडाहून आलेली, सवलतीच्या कुपनांवर जीव टाकणारी सून मोनिषा यांच्या झटापटीत विनोद होता. मायाच्या तोंडी ‘मिडल क्लास’ ही शिवी असायची. ती शिवी चालायची कारण पाहणाऱ्यांतले बहुतेक मोनिषाच्या बाजूचे होते आणि मनातून मायाच्या घरात जाऊ पाहत होते. २०१७ मध्ये हॉटस्टारवर दहा भागांचं दुसरं पर्व आलं तोवर तो प्रेक्षकच बदलला होता. कुपन आता मोबाइलमध्ये आलं, सवलत शोधण्यात कमीपणा उरला नाही. टोमण्याखालची जमीन सरकली आणि लेखकांनी ती भरून काढायला आवाज वाढवला. नट तेच, वाक्यांची फेक तीच. पण पूर्वी रत्ना पाठक शाह यांच्या एका उंचावलेल्या भुवईत जे व्हायचं, त्यासाठी आता धांदल उडवून द्यावी लागत होती.

त्याच साराभाईंचा सर्जन मुलगा साहिल साकारणारे सुमीत राघवन पुढे वागळ्यांचा राजेश झाले, हा योगायोग मला बोलका वाटतो.

मूळ ‘वागले’ आर. के. लक्ष्मण यांच्या व्यक्तिरेखांवर बेतलेली होती आणि तिचं दिग्दर्शन ‘जाने भी दो यारों’वाल्या कुंदन शाह यांचं होतं. लक्ष्मण यांचा धोतर आणि चौकड्यांचा कोट घालणारा सामान्य माणूस कधी बोलत नाही. वागळे बोलतो, हाच मोठा बदल. पण बोलूनही त्याचं फारसं काही साधत नाही. माझ्या वहीतल्या दुसऱ्या रकान्यात जुन्या भागांपुढे वारंवार एकच नोंद आहे : ‘तडजोड’. प्रसंग सुटत नाही, माणूस घरी येतो, बायको चहा ठेवते. हसू टंचाईतून येतं : पैशाची, जागेची, धैर्याची टंचाई. माझ्या वडिलांना ती ओळखू आली होती.

नव्या मालिकेच्या भागांपुढे त्या रकान्यात ‘बोध’ असं लिहिलेलं आहे. आजारपण, मुलांची सुरक्षितता, सोसायटीतली भांडणं : विषय खरे आहेत, अभिनय मनापासून आहे. पण प्रसंगाअखेर कोणीतरी शहाणं होतं आणि घर एकत्र येतं. याचं एक कारण व्यवहाराचं आहे. जुनी मालिका आठवड्याला एकदा यायची. नवीने हजाराहून अधिक भाग केले. जवळजवळ रोज लिहायचं तर रोज एक समस्या हवी आणि ती मिटायलाही हवी. न मिटणारी अडचण रोज जेवणाच्या वेळी कोण पाहील? महासाथीच्या वर्षात लोकांना धीर हवा होता आणि या मालिकेने तो दिला, हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल.

तरीही तिघींत मी हिलाच उजवी मानतो. कारण काळ गेला आहे, हे तिने कबूल केलं. श्रीनिवासला तिने म्हातारं होऊ दिलं. तो आपल्या काळातली काटकसर सांगू लागतो आणि घरातलं लक्ष दुसरीकडे असतं, तेव्हा जे हसू येतं त्याला जुन्या टंचाईचा वास आहे. फक्त आता टंचाई ऐकणाऱ्याची आहे. अशा जागी बोध मध्ये येत नाही आणि मालिका एकदम तिच्या मूळ उंचीवर जाते. या जागा आणखी हव्या होत्या.

हिंदीत ‘ळ’ नसल्याने वागळ्यांचे ‘वागले’ झाले. पण मराठीत काय? २००१ साली अल्फा मराठीवर आलेली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वरून केदार शिंदे यांनी केली. तेव्हा प्रभावळकर सत्तावन्न वर्षांचे होते आणि त्यांनी आबांचं म्हातारपण उभं केलं. आज त्यांनी स्वतः ऐंशी ओलांडली आहे. टिपरे परत यावेत असं अनेकांच्या मनात असतं, माझ्याही. पण ते आले तर शिऱ्या आता चाळिशीपलीकडचा, हप्ते फेडणारा बाप असायला हवा. शेखर निवृत्त हवा. आबांची खुर्ची कोणाच्या वाट्याला आली, हेही दाखवायला हवं. तेवढी तयारी नसेल तर जुने भाग पुन्हा पाहिलेले बरे.

यंदा जुन्या ‘वागले’चे भाग पाहताना लक्षात आलं की आता मी त्या वागळ्याहून वयाने मोठा आहे. एका प्रसंगी मला हसू आलं नाही. मुलगी शेजारी बसली होती, ती मात्र खळखळून हसत होती. मी वही मिटली आणि काही बोललो नाही.