पदच्युत वीर आणि त्यांचे वाचक

माझ्या कपाटातील आत्मचरित्रांच्या खणात एक पुस्तक असे आहे की, त्याची योग्य जागा कोणती हे मला गेली कित्येक वर्षे ठरवता आलेले नाही. अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याचे ‘इट्स नॉट अबाउट द बाइक’ हे ते पुस्तक. २००० साली ते प्रसिद्ध झाले तेव्हा मी कायद्याचा विद्यार्थी होतो. कर्करोग फुप्फुसांपर्यंत आणि मेंदूपर्यंत पसरलेला एक तरुण मृत्यूच्या दारातून परत येतो आणि १९९९ साली ‘टूर द फ्रान्स’ ही अतिशय खडतर शर्यत जिंकतो, ही कथा हुबळी-धारवाडच्या रस्त्यावर सायकल दामटणाऱ्या आम्हां तरुणांना भारून टाकण्यास पुरेशी होती. पुढे २००५ पर्यंत त्याने हीच शर्यत ओळीने सात वेळा जिंकली आणि आमच्या भक्तीवर कळस चढला.

हा कळस २०१२ साली कोसळला. अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने त्या वर्षीच्या ऑक्टोबरात प्रसिद्ध केलेल्या निर्णयात त्याच्या अकरा माजी सहकाऱ्यांच्या साक्षी होत्या. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने त्याची सातही विजेतेपदे काढून घेतली आणि ती दुसऱ्या कोणासही दिली नाहीत. जानेवारी २०१३ मध्ये ओप्रा विन्फ्री यांना दिलेल्या मुलाखतीत त्याने स्वतःच कबुली दिली.

यानंतर घडलेली एक गोष्ट वकील म्हणून मला विशेष चिंतनीय वाटते. कॅलिफोर्नियातील काही वाचकांनी आर्मस्ट्राँग आणि त्याचे प्रकाशक यांच्यावर दावा लावला. सत्य आत्मकथन म्हणून विकलेले पुस्तक खोटे निघाले, सबब आमची फसवणूक झाली, अशी त्यांची तक्रार होती. सॅक्रमेंटो येथील संघीय न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये हा दावा फेटाळला. अमेरिकन संविधानाने दिलेले भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण अशा पुस्तकालाही आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. वकील या नात्याने मला हा निर्णय योग्य वाटतो. प्रत्येक आत्मचरित्रातील प्रत्येक वाक्याची सत्यता न्यायाधीशांनी तपासू लागावे, यासारखी आपत्ती दुसरी नाही. परंतु त्या वाचकांचे दुःख खोटे नव्हते. न्यायालय ज्या दुःखाची दाद घेऊ शकत नाही, त्याची दाद समीक्षेने तरी घ्यावयास हवी.

हे पुस्तक आज पुन्हा वाचताना लक्षात येते की, त्यातील रुग्णशय्येची पाने खरी आहेत. शस्त्रक्रिया, औषधोपचाराच्या यातना, मरणाचे भय, यांतील काहीही नंतरच्या तपासाने खोटे ठरविले नाही. खोटी आहेत ती विजयाची पाने. पण या दोहोंची बांधणी एकच आहे, आणि खऱ्या पानांवरील सहानुभूती खोट्या पानांवर विश्वास म्हणून खर्ची पडते. जो मरणाच्या दारातून परतला, तो शरीरात विष घालील कसा, हा युक्तिवाद पुस्तकभर पसरलेला आहे. हा काही पुरावा नव्हे; पण वाचकाला तो पुराव्यासारखा वाटावा, अशीच रचना आहे. माझ्या मते या ग्रंथाचा मुख्य वाङ्मयीन दोष हाच. त्यातला नायक स्वतःकडे एकदाही संशयाने पाहत नाही.

त्याच्या शेजारी टायलर हॅमिल्टन याचे ‘द सीक्रेट रेस’ ठेवून पाहावे. हॅमिल्टन हा आर्मस्ट्राँगचा एके काळचा सहकारी. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळविले. त्याच वर्षी त्याच्या रक्तात दुसऱ्याचे रक्त आढळले. त्याने अनेक वर्षे इन्कार केला आणि अखेर २०११ साली कबुली दिली. २०१२ मध्ये डॅनियल कॉइल या लेखकाच्या साहाय्याने त्याने हे पुस्तक लिहिले. रक्तातील तांबड्या पेशी वाढविणारे ‘ईपीओ’ हे द्रव्य कसे मिळते, ते कोठे लपवितात, त्याला ‘एडगर’ हे टोपणनाव का पडते, स्वतःचेच रक्त काढून ठेवून शर्यतीच्या मध्यावर ते पुन्हा कसे भरतात, हे सारे त्यात कारकुनी तपशिलाने येते. या तपशिलातच त्याची नैतिक शक्ती आहे. अधर्म एका रात्रीत घडत नाही. तो वेळापत्रकाने, शीतकपाटाने आणि सहकाऱ्यांच्या मूक संमतीने घडतो, हे वाचकाला पटते.

तथापि हेही पुस्तक पूर्ण निर्दोष आहे असे मला म्हणवत नाही. सरकारी चौकशीत शपथेवर बोलावे लागल्यानंतरची ही कबुली आहे, आणि सर्वच जण हे करीत होते, हा स्वर तीतून पुनःपुन्हा उमटतो. सर्वच जण ते करीत नव्हते. ख्रिस्तोफ बासाँ हा फ्रेंच सायकलपटू १९९९ च्या त्याच शर्यतीत उत्तेजकांविरुद्ध उघडपणे लिहीत होता. आर्मस्ट्राँगने धावत्या शर्यतीत त्याला गाठून सुनावले, इतरांनी त्याच्याशी बोलणे टाकले, आणि त्याला शर्यत अर्धवट सोडून जावे लागले. आम्ही धारवाडात बसून आर्मस्ट्राँगचा जयजयकार करीत होतो, तेव्हा त्या बिचाऱ्याचे नावही आम्हांला ठाऊक नव्हते. भाविक फसला असे आपण म्हणतो. परंतु भाविकाच्या टाळ्यांनीही कोणाचा तरी आवाज बुडतो, हे आपण सहसा म्हणत नाही.

फ्रान्समधील शर्यतींशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. पण विजापूर-बागलकोट या आपल्या शेजारच्या जिल्ह्यांतून सायकलपटूंची पिढी मागून पिढी निघते, आणि बेळगाव-कोल्हापूरकडील लाल मातीचा नाद तर आपल्या हाडीमासी आहे. या मातीवर प्रेम करणाऱ्यांपुढे २०१६ साली असाच प्रसंग उभा राहिला. २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे ‘महाराष्ट्र केसरी’ची गदा जिंकणारा, आणि २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून भारतासाठी रिओ ऑलिंपिकची जागा आणणारा पैलवान नरसिंग यादव उत्तेजक चाचणीत सापडला. ऑलिंपिकला कोणी जावे याविषयी सुशील कुमारने केलेली याचिका दिल्ली उच्च न्यायालयाने जूनमध्येच फेटाळली होती. नरसिंगचे म्हणणे असे की, आपल्या अन्नपेयात कोणीतरी द्रव्य मिसळले. राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या समितीने १ ऑगस्ट रोजी ते मान्य केले. जागतिक संस्थेने या निर्णयाविरुद्ध दाद मागितली. आणि १८ ऑगस्टला, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवाद न्यायालयाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. घातपाताचा पुरावा नाही, असे न्यायालयाने म्हटले.

त्या आठवड्यात आमच्या वकील मंडळींत दोन तट पडले होते. एका तटाच्या दृष्टीने तो कपटाचा बळी, दुसऱ्याच्या दृष्टीने लबाड. निकालपत्र मात्र कोणीच वाचले नव्हते. फौजदारी न्यायात आरोपीचा हेतू सरकारने सिद्ध करावा लागतो. क्रीडान्यायात ज्याच्या शरीरात द्रव्य सापडले, त्याच्यावरच ते तेथे कसे आले हे दाखविण्याचा भार असतो. हा नियम कठोर आहे. पण तो नसेल तर प्रत्येक दोषी घातपाताचीच कथा सांगेल. म्हणून ‘सिद्ध करता आले नाही’ आणि ‘खोटे ठरले’ यांतील अंतर ज्याला कळते, त्यानेच अशा निकालावर बोलावे. त्या अंतरात एका माणसाचे आयुष्य मावते.

ही दोन प्रकरणे एकमेकांची उलट प्रतिबिंबे आहेत. आर्मस्ट्राँगच्या बाबतीत शेकडो चाचण्यांचा दाखला वर्षानुवर्षे पुढे केला गेला आणि अखेर माणसे बोलली. नरसिंगच्या बाबतीत चाचणी बोलली, आणि तिला उत्तर देऊ शकेल असा ग्राह्य साक्षीपुरावा मिळाला नाही. भाविकांची चूक मात्र दोन्हीकडे एकच होती. पुराव्याच्या आधीच त्यांनी निकाल दिलेला होता. निकाल विरुद्ध गेल्यावर काहींनी मूर्ती फोडली, काहींनी न्यायाधीशांना शिव्या दिल्या.

याहून वेगळा मार्ग आपल्या तालमीतच सापडतो, असे मला वाटते. तालमीत खुराक उघड असतो. दूध, बदाम, तूप, थंडाई, कोणी किती घेतो हे सर्वांना ठाऊक असते, आणि वस्तादाच्या नजरेखालून ते जाते. हॅमिल्टनच्या पुस्तकातील सर्वांत काळी गोष्ट सुई नव्हे, शीतकपाटातील लपवाछपवी ही आहे. जे चारचौघांत घेता येत नाही ते घेऊ नये, एवढी साधी कसोटी मुलाला शिकविणे हे वस्तादाचे काम. आणि जिंकणाऱ्यापेक्षा खरे बोलणाऱ्याचा मान राखणे हे प्रेक्षकाचे. पहिल्याने कितीही शिकविले तरी दुसरा आपले काम करीत नसेल, तर शिकवण फुकट जाते.

आर्मस्ट्राँगचे पुस्तक मी फेकून दिलेले नाही. ते कादंबऱ्यांतही हलविले नाही, कारण त्यातील आजारी माणूस कल्पित नाही. आत्मचरित्रांच्याच खणात ते हॅमिल्टनला लागून ठेवले आहे, आणि पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने बासाँचे नाव लिहिले आहे. माझ्याकडून ते पुस्तक कोणी वाचावयास नेईल, तर त्याला प्रथम तेच नाव दिसावे, म्हणून.