पात्रवर्गाचे नूतनीकरण : दशावतारी खेळाच्या संदर्भात

लिखित संहिता नसलेल्या खेळात संहितेची जागा पात्राचा प्रकार घेत असतो. सिंधुदुर्गातील दशावताराचा विचार करताना हे सूत्र हाताशी ठेवावे लागते. दशावताराची रंगभूषा, पूर्वरंगाचा क्रम, यक्षगानाशी असलेले त्याचे नाते यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा प्रश्न त्याहून मर्यादित आहे. जुन्या पात्रप्रकारांत काळानुरूप बदल केला जातो, तेव्हा तो बदल इष्ट की अनिष्ट हे कोणत्या निकषावर ठरवावे?

हाच प्रश्न अगदी वेगळ्या प्रकारच्या एका खेळापुढे गेली पन्नास वर्षे उभा आहे. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत प्रसिद्ध झाला. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने बोलतात आणि योजलेली कृती साधली की फसली याचा निवाडा फासे करतात. प्रारंभी योद्धा, जादूगार आणि धर्मोपासक असे तीनच पात्रवर्ग होते. १९७५ च्या पुरवणीत चोर आला. पुढे वर्ग वाढले, आवृत्त्या बदलल्या. आपल्याकडील वाचकास हा पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. तथापि संहितेविना खेळताना कोणत्या पात्राने काय करावे याचे नियम छापून ते वारंवार तपासून पाहण्याचे इतके सविस्तर उदाहरण अन्यत्र सहजी आढळत नाही.

दशावतारात असा नियमग्रंथ नाही. जत्रेच्या रात्री देवाची पालखी फिरून झाली की देवळासमोर खेळ उभा राहतो. आधी आडदशावतार, म्हणजे गणपती, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, संकासुर इत्यादींचा पूर्वरंग, आणि मग पहाटेपर्यंत आख्यान. कथेचे टप्पे नटांना आधी सांगितले जातात. संवाद मात्र ते रंगमंचावरच रचतात. तरीही खेळ विस्कटत नाही, याचे कारण पात्रवर्गाच्या मर्यादा आणि मुभा सर्वांना ठाऊक असतात. राजपार्टी नटाने प्रवेश कसा करावा, पद कोठे घ्यावे, पखवाजावर युद्धनृत्य कोठवर चढवावे, हे ठरलेले असते. त्याची भाषा संस्कृतप्रचुर मराठी. राजा मालवणी बोलत नाही. मालवणी बोलतो संकासुर. वेद पळवणारा हा असुर काळ्या वेशात येतो, नाईकाशी हुज्जत घालतो, समोर बसलेल्या गावाला चिमटे काढतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मारला जातो. देवाच्या अंगणात गावच्या बोलीत गावाविषयी बोलण्याचा अधिकार पूर्वरंगात एवढ्याच पात्राकडे आहे. काळा वेश ही त्या वर्गाची खूण होय. वर्ग म्हणजे तो अधिकार. हा भेद पुढील विवेचनाच्या मुळाशी आहे.

आता निकषाकडे वळू. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये 'रेंजर' नावाचा एक वर्ग १९७५ पासून आहे. रानावनाचा जाणकार, माग काढणारा असे त्याचे स्वरूप. २०१४ च्या नियमपुस्तकात त्याला विशिष्ट शत्रू आणि विशिष्ट भूप्रदेश निवडावा लागे. कथानक त्या प्रदेशात गेलेच नाही, तर ही विद्या निरुपयोगी. परंतु याहून मार्मिक दोष दुसराच होता. कथानक त्या प्रदेशात गेले, तर नियमानुसार रेंजरची टोळी जादूखेरीज अन्य कारणाने वाट चुकूच शकत नसे. म्हणजे ज्या प्रसंगात या पात्राने शोभावे, तो प्रसंगच त्याच्या सामर्थ्याने नाहीसा होई. खेळाडूला करण्यासारखे काही उरत नसे. २०१६ मध्ये या वर्गाचा सुधारित मसुदा चाचणीसाठी खुला झाला, २०२० च्या पुरवणीत जुन्या गुणांच्या जागी घेता येतील असे पर्यायी गुण आले आणि २०२४ मध्ये नियमपुस्तकच नव्याने लिहिले गेले. या खटाटोपातून एक कसोटी हाती लागते : बदलामुळे त्या पात्राच्या खेळाडूला अधिक करण्यास मिळते की कमी?

ही कसोटी दशावतारातील 'ट्रिकसीन'ला लावून पाहावी. परंपरेने रंगमंचावर एक बाकडे असते. तेच सिंहासन, तेच पर्वत, तोच रथ. नट त्यास आपल्या वाणीने जे म्हणेल ते ते होते. नाग आला हे राजाने शब्दांत आणि डोळ्यांत दाखवायचे असते; त्यात राजपार्टी नटाचे निम्मे कसब आहे. आता धुरातून खरोखरीच फणा काढलेला नाग सरकत येतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. टाळ्यांविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. रात्रीच्या कार्यक्रमांची रेलचेल असताना कंपनीला सुपारी मिळाली पाहिजे. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा हे ज्यांचे जिणे, त्यांना शुद्धतेचे धडे प्राध्यापकांनी देऊ नयेत. प्रश्न एवढाच की नाग दिसू लागल्यावर राजाने काय बोलावे? पुष्कळदा तो बाजूला सरून उभा राहतो. रेंजरची वाट चुकत नाही, तसाच हा प्रकार आहे. याउलट काही नट त्याच नागाशी संवाद मांडतात, त्याला कुळाचा दाखला विचारतात. तेथे यंत्र नटाच्या हाती नवे साधन देते. तेव्हा ट्रिकसीन सरसकट त्याज्य ठरवणारी टीका मला उथळ वाटते.

आडदशावताराच्या संक्षेपाविषयी मात्र इतके उदार होता येत नाही. दोन-तीन तासांच्या नाट्यगृहातील प्रयोगात आख्यानावर भर असतो. पूर्वरंग गणपतीच्या वंदनापुरता उरतो आणि संकासुर गळतो. यावर असे म्हटले जाईल की जत्रेतील खेळात तो आहेच, शहरातील प्रयोग हा केवळ एक पर्याय आहे. २०२० च्या त्या पुरवणीचेही धोरण हेच होते : जुने गुण रद्द झाले नाहीत, ज्याला हवे त्याने नवे घ्यावेत. परंतु तेथे निवड टेबलाभोवतीचे लोक करतात. येथे ती वेळ आणि पैसा ठरवणारा आयोजक करतो. नटाला कोणी विचारत नाही. शिवाय त्या खेळाचे १९७४ चे नियम छापील असल्याने आजही तसेच खेळता येतात. संकासुराची हजरजबाबी कोठेही छापलेली नाही. ती खेळतच शिकावी लागते, आणि जो नट वर्षातून मोजक्याच रात्री संकासुर करतो तो ती पुढच्यास कशी देणार? आख्यानात विनोदी पात्रे असतात, हे खरे. पण ती कथेतील सेवक वा गावकरी म्हणून बोलतात. देवाच्या शत्रूच्या तोंडून गावाची कानउघाडणी होणे ही निराळी गोष्ट आहे.

खुणा टिकवून खेळ हरवण्याचे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा हाही एक प्रकारे पात्रवर्गांचाच खेळ : दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२० पाने. पाच रंगांत पानांची चढती भाजणी एका दिशेने, उरलेल्या पाचांत उलट. सावंतवाडी संस्थानच्या राजघराण्याने, विशेषतः राजमाता सत्त्वशीलादेवी भोंसले यांनी, लयास चाललेली ही चित्रकला सावरली. त्यांचे हे ऋण मोठे आहे. आज ती गोल पाने राजवाड्यात रंगवली जातात, विकत मिळतात, भिंतीवर शोभतात. ती हाती घेऊन डाव मांडणारे मात्र फार थोडे. मत्स्य आणि कूर्म यांचे चित्र अनेकांस ओळखता येते. कोणते पान कोणास मारते हे सांगणारा शोधावा लागतो.

या पार्श्वभूमीवर जिल्ह्यात उभी राहिलेली स्त्रियांची दशावतारी मंडळे अभ्यासकांनी बारकाईने पाहावीत. वेश, रंग, आख्याने बहुतांशी जुनीच आहेत. बदलला आहे तो खेळणारा. पुरुषाने राणी साकारताना चाल, मान, हात यांची जी घडण करावी लागे, तीच आजवर स्त्रीपार्टाची विद्या होती. स्त्रीने राणी केली तर त्या विद्येचे काय होते? आणि स्त्रीने राजपार्ट केला तर उलट दिशेने तशीच एखादी विद्या घडते का? वरील कसोटीनुसार हा बदल ट्रिकसीनपेक्षा खोल आहे, कारण तो नटीपुढे नवे काम ठेवतो. राजा, राणी, राक्षस ही पात्रे या मंडळांच्या आटोक्यात आलेली दिसतात. संकासुर होऊन मालवणीत गावाला चिमटे काढणारी स्त्री गाव कितपत ऐकून घेईल, हे जत्रेच्या रात्री देवळासमोर बसूनच पाहावे लागेल.