गॅट्सबीची प्रेतयात्रा आणि विल्सनचा देव

स्कॉट फिट्झजेराल्ड यांच्या १९२५ सालच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीचा उल्लेख उपदेशांत अधूनमधून येतो, तो बहुधा मूर्ख धनवानाच्या दाखल्याला जोड म्हणून. गरीब शेतकऱ्याचा मुलगा नाव बदलतो, चोरट्या दारूच्या धंद्यात गबर होतो, एका स्त्रीच्या आशेने महालात राहतो आणि गोळीला बळी पडतो. महत्त्वाकांक्षेचा निषेध झाला की उपदेशक ‘आमेन’ म्हणतो. बारडोलीत ही कादंबरी पुन्हा वाचताना आम्हांस हा अर्थ अपुरा वाटला.

बारडोली म्हणताच १९२८ चा साराबंदीचा सत्याग्रह आणि वल्लभभाई पटेल आठवतात, ते योग्यच. परंतु सरकारपुढे न वाकलेल्या त्या शेतकऱ्यांपैकी अनेकांच्या शेतांवर दुबळा समाजाचे (पुढे ज्यांना हळपती म्हटले गेले ते) मजूर, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी ‘हाळी’ म्हणून बांधलेले होते. पुढे या भागातील पाटीदार कुटुंबे अमेरिकेस गेली. तेथे त्यांनी मोटेले घेतली, खोल्या स्वतः झाडल्या, चादरी स्वतः धुतल्या. त्या कष्टांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही. मात्र इकडे बारडोलीच्या साखर कारखान्याच्या उसासाठी खानदेशातून माणसे येत राहिली. मुकादमाकडून उचल घेतलेली, बायकोमुलांसह पालांत राहणारी, बोलीने आपल्याच जवळची. एकाच मातीतून एकाला अमेरिका दिसते आणि दुसऱ्याला उचल फिटण्याचा दिवसही दिसत नाही.

हा दुसरा मनुष्य गॅट्सबीच्या कथेतही आहे. महाल आणि शहर यांच्यामधल्या राखेच्या माळावर जॉर्ज विल्सन मोटारदुरुस्तीचे दुकान चालवितो. त्याच्या पत्नीला नादी लावणारा टॉम ब्युकॅनन जन्मतःच श्रीमंत आहे. त्याला महत्त्वाकांक्षा बाळगण्याची गरजच नाही. विल्सनची पत्नी गॅट्सबीच्या मोटारीखाली मरते. मोटार टॉमची पत्नी चालवीत असते, पण टॉम विल्सनला मालकाचे नाव तेवढे सांगतो. पुढे गॅट्सबी मरतो, विल्सन मरतो, ब्युकॅनन दांपत्य सुखरूप निघून जाते. महत्त्वाकांक्षा हेच पाप असेल, तर ही वाटणी कशी समजावी? शिक्षा झाली ती स्वप्न पाहणाऱ्याला आणि निर्धनाला. वारशाने आलेल्या सत्तेला ओरखडाही उठला नाही. अमेरिकन स्वप्नावरची फिट्झजेराल्ड यांची खरी टीका येथे आहे, आणि आमचे उपदेश नेमके तेच वगळतात.

पत्नीच्या मृत्यूच्या रात्री शेजारी विल्सनला विचारतो, तुझी मंडळी कोणती? तो कोणत्याच मंडळीचा नसतो. पहाटे तो खिडकीतून डोळ्यांच्या डॉक्टरच्या जुन्या जाहिरातीवरील प्रचंड डोळ्यांकडे पाहत, देव सर्व काही पाहतो असे म्हणतो. शेजारी म्हणतो, ती जाहिरात आहे. धर्मसेवकाने थांबून वाचावा असा हा प्रसंग; पण लेखकाची लेखणी मात्र येथे घाईत आहे. चांदणे, संगीत, रेशमी सदरे हे सारे त्यांनी गॅट्सबीला दिले. विल्सनच्या वाट्याला धूळ आली. गॅट्सबीच्या अंत्यविधीस एक लूथरन पाळक येतो, वारंवार घड्याळ पाहतो, विनंतीवरून अर्धा तास थांबतो. पाहुणे येत नाहीत, तरी विधी होतो.

विल्सनला मूठमाती कोणी दिली, हे कादंबरीत नाही.