स्नानतीर्थांतील जुनीं नाणीं व धातुशोधक यंत्र

तळीं, कुंडें व घाट येथील पाण्यांत धातुशोधक यंत्र फिरवून जुनीं नाणीं वेंचण्याचा नाद पाश्चात्त्य देशांत बराच फैलावला आहे, आणि तीं यंत्रें आतां आपल्याकडेही सहज मिळतात. ह्या नादाचे पुरस्कर्ते त्यास इतिहाससेवा म्हणवितात. चिखलांत कुजत पडलेलें नाणें आम्हीं उजेडांत आणिलें, तर त्यांत इतिहासाचें नुकसान तें काय, असा त्यांचा प्रश्न आहे. ह्या प्रश्नाचा विचार वाशीम जिल्ह्यांतील शिरपूर (जैन) हें स्थळ डोळ्यांपुढें ठेवून करावा, असें आम्हांस वाटतें.

शिरपूर हें अंतरिक्ष पार्श्वनाथाचें क्षेत्र. एलिचपूरच्या राजास कुष्ठ झालें होतें, एका जलाशयाच्या पाण्यानें तें गेलें, त्याच पाण्यांत त्यास मूर्ति सांपडली, आणि ती नेत असतां त्यानें मागें वळून पाहिल्यामुळें ती शिरपुरास अधांतरी राहिली, अशी कथा आहे. कथेचे पाठ एक नव्हेत. राजाचें नांव कोठें ईल तर कोठें श्रीपाल. जलाशय कोठें तळें तर कोठें विहीर. म्हणजे ह्या क्षेत्राच्या माहात्म्याचें मूळच मुळीं स्नानाच्या पाण्यांत आहे. जुन्या देवालयाचा विचार हेन्री कझिन्स ह्यांनीं दख्खनच्या मध्ययुगीन देवालयांवरील आपल्या १९३१ सालच्या ग्रंथांत केलेला आहे. परंतु वास्तूवरून वास्तूचा काळ ठरेल. यात्रा केव्हां सुरू झाली, केव्हां वाढली व केव्हां रोडावली, हें दगड सांगणार नाहींत. तें सांगण्याची शक्ति कशांत असेल, तर भाविकांनीं अशा पाण्यांत वेळोवेळीं टाकलेल्या किंवा त्यांच्या हातून गळलेल्या क्षुद्र नाण्यांत. पण तीं सर्व एकत्र व ज्या थरांत पडलीं त्या थरासह मिळालीं तरच. यंत्रधारी मनुष्यानें एखादें यादवकालीन नाणें उचलून घरीं नेलें, तर उद्यां तें ईल राजाच्या कथेचा पुरावा म्हणून मिरविलें जाईल. आणि तें कोठें, किती खोल व कशाच्या सोबतीनें पडलें होतें हें ठाऊक नसल्यामुळें, त्या विधानाचें खंडन किंवा मंडन कोणासही करतां येणार नाहीं.

ही भीति काल्पनिक नाहीं हें दाखविण्यास दूर जावयास नको. आज वाशीम जिल्ह्यांत असलेल्या मंगरूळपीर तालुक्यांतील तऱ्हाळा येथें १९३९ सालीं सातवाहन राजांच्या सुमारें दीड हजार नाण्यांचा संचय सांपडला. म. म. वासुदेव विष्णु मिराशी ह्यांनीं तो वाचून प्रसिद्ध केला. त्यांत गौतमीपुत्र सातकर्णि, पुळुमावि, यज्ञ सातकर्णि अशा परिचित राजांचीं नाणीं विपुल होतीं. पण त्यांबरोबरच पुराणांच्या वंशावळींत ज्यांचा मागमूस नाहीं अशा कुंभ, कर्ण व शक सातकर्णि ह्या राजांचींही थोडीं नाणीं निघालीं. हीं नाणीं चांदीचीं नव्हेत. हलक्या मिश्रधातूचीं, काळपट व ओबडधोबड. हा संचय दहा घरांत वांटला जाता तर मूठभर अपरिचित नाणीं बहुतांच्या ढिगांत बुडून जातीं आणि ते राजे इतिहासास कायमचे मुकते. नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें १९०६ सालीं मिळालेल्या नहपानाच्या तेरा हजारांवर नाण्यांचीही तीच गोष्ट. त्यांपैकीं नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला ठसा पुन्हां उठविला होता. एका नाण्यावरून हें कुतूहल ठरलें असतें. तें सर्व संचयावरून समजलें, म्हणून तो क्षहरातांच्या पराभवाचा साक्षीदार ठरला.

कोणी म्हणेल, हे भूमींतील संचय; पाण्यांतील नाण्यांस हा न्याय कसा लागावा? उलट तो अधिकच लागतो. संचय एका वेळीं एका हातानें पुरलेला असतो. तीर्थांतील नाणीं शेंकडों वर्षें हजारों हातांनीं पडलेलीं असतात. इंग्लंडांत बाथ येथील उष्ण झऱ्याच्या कुंडाचें उत्खनन १९७९-८० सालीं झालें, तेव्हां बारा हजारांवर रोमन नाणीं मिळालीं व त्या तीर्थाच्या उपयोगाचा दीर्घ कालपट तयार झाला. त्याच देशांत कॅरोबर्ग येथें कॉव्हेंटिना देवीच्या झऱ्यांत १८७६ सालीं नाण्यांचा तसाच सांठा लागला असतां, बातमी फुटतांच लोकांनीं त्यांतील पुष्कळ नाणीं लांबविलीं. उरलेलीं हजारों आहेत. पण गेलीं त्यांची भरपाई कशानेंही झाली नाहीं.

आतां यंत्राविषयीं. आपल्या घाटांवर पोरें दोरीस लोहचुंबक बांधून पैसे काढतात. चुंबकास अलीकडचीं पोलादी नाणींच चिकटतात. जुनें तांबें, चांदी किंवा शिसें चिकटत नाहीं. म्हणून आजवर हें खेळणें इतिहासास फारसें बाधलें नाहीं. धातुशोधक यंत्र मात्र विद्युच्चुंबकीय लहरींनीं कोणत्याही धातूची चाहूल घेतें, आणि चांदी-तांब्याचा ध्वनि शिसें-कथलाच्या ध्वनीहून वेगळा काढतें. नादी मनुष्य चांदीच्या ध्वनीकडे धांवणार. तऱ्हाळ्याच्या नाण्यांसारखा माल त्याच्या लेखीं कचरा. तो एक तर चिखलांतच तुडविला जाईल, नाहीं तर काठावर फेंकला जाईल.

कायदाही येथें पुरा पडत नाहीं. १८७८ सालच्या निखातनिधि कायद्यानें दहा रुपयांवरील निधि सांपडल्यास त्याचें स्वरूप, स्थळ व दिवस कलेक्टरास कळविण्याचें बंधन घातलें, हें उत्तम. परंतु निधीची पारख रुपयांनीं केली. शिवाय भाविकानें पाण्यांत सोडलेलें नाणें ‘दडविलेलें’ मानावें कीं नाहीं, असा वाद घालणारे निघतीलच. १९७२ सालच्या कायद्यानें शंभर वर्षांपूर्वींचें नाणें पुरावस्तु ठरतें. पण त्या कायद्याचा मुख्य रोख व्यापार व निर्यात ह्यांवर आहे. नाणें काढतांना बुजणारा थर दोन्ही कायद्यांच्या नजरेबाहेरच राहतो.

नाद्यांचा एक युक्तिवाद मात्र विचारार्ह आहे. तळ्यांतील गाळ उन्हाळ्यांत शेतांत जातोच. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ह्या सरकारी योजनेनें तें काम मोठ्या प्रमाणावर होऊं लागलें. मग नाणीं शेतांत हरवण्यापेक्षां आमच्या हातीं लागलीं तर वाईट काय? ह्यास उत्तर असें कीं, ही गोष्ट यंत्राच्या बाजूची नसून देखरेखीच्या बाजूची आहे. क्षेत्राच्या ठिकाणचा गाळ काढावयाचा असेल, तेव्हां पुरातत्त्व खात्याचा मनुष्य हजर असावा, तळाचे चौकोन आंखावे, प्रत्येक चौकोनांतील गाळ खोलीवार निराळा चाळावा, आणि लोखंडापासून शिशापर्यंत जें निघेल तें सारें नोंदवावें. अशा कामांत यंत्रासही जागा आहे. तें नोंदवहीच्या मागून चाललें म्हणजे झालें.

दोषाचा वांटा संशोधकांकडेही जातो. ‘एका गृहस्थाच्या संग्रहांतील’ एवढ्याच ओळखीवर नाणें छापणारा लेख नाद्यास सांगत असतो कीं, नाणें आण, ठिकाण विचारणार नाहीं. उत्पत्तिस्थान न सांगतां आलेल्या नाण्यावर वंश, काळ किंवा राज्यविस्तार ह्यांचा कोणताही सिद्धान्त उभारूं नये, व संपादकांनीं तसा लेख स्वीकारूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. शिरपुरासारख्या क्षेत्राचा इतिहास अद्याप पुष्कळसा कथेच्या हवालीं आहे. तेथील पाण्याच्या तळाशीं कांहीं साक्ष असलीच, तर ती एकदांच घेतां येईल.